धावत्या खिडकीतला डोंगर

मृगाच्या दोन-चार सरी कोसळल्या, की कर्जतच्या पुढे रेल्वेच्या डब्यात एक वेगळीच लगबग सुरू होते. मघापर्यंत पेंगणारी मंडळी खिडकीकडे सरकतात. कुणाच्या पिशवीतला कॅमेरा, कुणाच्या खिशातला मोबाइल बाहेर निघतो. ‘अरे काढ, काढ, लवकर काढ!’ असा गलका उडतो. घरी येऊन निवांत पाहावे, तर धबधब्याच्या जागी हिरवा फराटा आणि मधोमध विजेचा खांब! मग सारे खापर कॅमेऱ्याच्या माथ्यावर फुटते.

कॅमेरा बिचारा निर्दोष असतो. साधा हिशेब करून पाहा. ताशी 72 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात 20 मीटर पुढे जाते. कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, सेकंदाचा साठावा भाग उघडे राहिले, तर तेवढ्यात गाडी 33 सेंटीमीटर सरकलेली असते. हजारावा भाग उघडे राहिले, तर अवघे 2 सेंटीमीटर. म्हणून शटर हजाराव्या भागावर, निदान पाचशेव्या भागावर ठेवावे. पावसाळी अंधारात त्यासाठी आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटो थोडा दाणेदार होतो. होईना का! दाणेदार डोंगर परवडला, हललेला नको.

त्याहून मोठी गोष्ट अंतराची. रुळापासून 10 मीटरवरचे झाड आणि 2 किलोमीटरवरचा डोंगर यांच्यासमोरून आपण एकाच वेगाने जातो. पण डोळ्याला झाड डोंगराच्या 200 पट वेगाने पळताना दिसते. ‘झाडे पळतात, चांदोमामा मात्र आपल्याबरोबर येतो’ हे लहानपणीचे कोडे ते हेच. तेव्हा जवळचे सोडून द्यावे आणि दूरचे धरावे. खिडकीतून काटकोनात बाहेर न पाहता तिरपे, पुढे किंवा मागे पाहावे. तिकडचे दृश्य संथपणे सरकते.

जागाही हेरून ठेवावी. बोरघाटाचा चढ 37 फुटांना एक फूट, इतका खडा. त्यासाठी अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. गाडीची चाल तिथे मंदावते आणि आपले काम सोपे होते. कोकण रेल्वेवर गाडी वेगात, त्यात बोगद्यांची लपाछपी. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा! पण त्याच भागातला पानवल नदीचा पूल 64 मीटर उंच आहे. अशा पुलावर समोर झाड नाही, झुडूप नाही. नुसती मोकळी दरी. बोगद्यातला अंधार विरळ होऊ लागला, की कॅमेरा सज्ज हवा.

खिडकीला काच असेल तर ती आधी पुसून घ्यावी. लेन्स काचेच्या अगदी जवळ धरावी, पण टेकवू नये. नाहीतर डब्याची थरथर फोटोत उतरते. कोपरही चौकटीवर न ठेवता अंगाशी धरावे. डब्यातल्या दिव्यांचे प्रतिबिंब पडत असेल, तर आजीची गडद शाल आडोशाला धरावी. काचेवर थेंब असले, की मोबाइल डोंगर सोडून थेंबांवरच नजर रोखतो. अशा वेळी पडद्यावर दूरच्या डोंगरावर बोट दाबून धरावे, म्हणजे बहुतेक मोबाइलमध्ये नजर तिथेच खिळते.

एवढे करूनही जवळचे खांब कधी कधी तिरके येतात. मोबाइल चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो. शेवटच्या ओळीपर्यंत खांब पुढे सरकलेला असतो. जुन्या कॅमेऱ्यांतही असे होई. फ्रान्सच्या लार्तीगने टिपलेल्या शर्यतीच्या मोटारीचे चाक असेच लंबगोल आले, आणि तोच फोटो जगभर गाजला!

मात्र एका बाबतीत तडजोड नाही. फोटोसाठी दारात लोंबकळणारी तरुण पोरे दर पावसाळ्यात दिसतात. जो खांब फोटोत नुसता फराटा होऊन येतो, तो प्रत्यक्षात लोखंडाचा असतो आणि ताशी 72 किलोमीटरने डोक्याच्या दिशेने येत असतो. बोगद्याची भिंत तर हाताच्या अंतरावर. गंमत अशी, की दारात लोंबकळून फोटो मुळीच चांगला येत नाही. वाऱ्याने हात थरथरतो आणि जवळचेच सारे चौकटीत घुसते. मोठ्यांनी हे पोरांना रागावून नव्हे, समजावून सांगायला हवे. मोटारीतही कॅमेरा शेजारच्याच्या हाती असावा. चालवणाऱ्याने फक्त रस्ता पाहावा.

आणि दहा-बारा फोटो झाले, की कॅमेरा पिशवीत ठेवून खिडकीची जागा डब्यातल्या एखाद्या लहानग्याला द्यावी. पळणारी झाडे आपल्याला फोटोत नको असतात. त्याला मात्र तीच पाहायची असतात.