मैदान रिकामे, चाहते जागे

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा हंगाम ‘वर्ल्ड सिरीज’ या अंतिम मालिकेनंतर, नोव्हेंबरच्या सुमारास संपतो आणि चाहत्यांची घालमेल सुरू होते. कारण लीगमध्ये सहा वर्षे पूर्ण केलेला, करार संपलेला खेळाडू आता कोणत्याही संघाशी बोलणी करू शकतो. ही मुभा १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांच्या निकालाने मिळाली. त्याआधी खेळाडू एकाच संघाला बांधलेला असे.

डिसेंबरमध्ये संघांचे अधिकारी आणि खेळाडूंचे एजंट ‘विंटर मीटिंग्ज’साठी जमतात, तेव्हा अफवांना ऊत येतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी करार संपलेला नामवंत खेळाडू शोहेई ओहतानी टोरोंटोला निघाल्याची बातमी पसरली. तिथल्या ब्लू जेज संघाचे चाहते कॅलिफोर्नियाहून निघालेल्या एका खासगी विमानाचा नकाशावर माग काढत बसले. विमान उतरले, तर आत ओहतानी नव्हताच. होते कॅनडाचे उद्योजक रॉबर्ट हर्जावेक. दुसऱ्याच दिवशी ओहतानीने लॉस एंजेलिस डॉजर्सची निवड जाहीर केली. करार १० वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा. त्यातले ६८ कोटी मुदत संपल्यावर मिळायचे.

हा उतावळेपणा पोरकट म्हणून उडवून लावणे चूक आहे. संघ पुढची कित्येक वर्षे कोणाच्या जोरावर खेळणार, हे याच महिन्यांत ठरते. हुआन सोटो या खेळाडूचा मेट्स संघाशी १५ वर्षांचा, ७६.५ कोटी डॉलरचा करारही २०२४ च्या डिसेंबरातलाच.