कडुबा : पहिला उकार की दुसरा?

आज बोलायचंय एका नावाबद्दल. कडुबा. आपल्या धाड परिसरात, पलीकडे भोकरदन-सिल्लोडच्या पट्ट्यात, हे नाव कधी ऐकलं नाही अशी बाई सापडायची नाही. कुणाचा सासरा कडुबा, कुणाचा मामा कडुबा. पण इतक्यात कडुबाच्या बारशाचं बोलावणं कुणाला आलंय का? आम्ही गटांचे अर्ज भरून देतो तेव्हा हे नाव सासऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या रकान्यात येतं. नातवाच्या रकान्यात आरव, शौर्य, विराज.

कडुबा म्हणजे कडू आणि बा. विठोबा, खंडोबा यांच्यातला तोच मानाचा 'बा'. मग पोटच्या लेकराला कडू का म्हणायचं? तर घरात दोन-तीन लेकरं एकामागून एक दगावली, की पुढच्याला असं नाव ठेवायचे. नजर लागू नये, आणि मरणालासुद्धा हे लेकरू कडू लागावं, म्हणून. दगडू, धोंडू, केरबा, उकर्डा ही सगळी त्याच रांगेतली नावं. 'बलुतं' लिहिणारे दया पवार, त्यांचंही मूळ नाव दगडू. मुलाचं नाक टोचून नथ घालायचे, म्हणजे मुलगी समजून मरण त्याला सोडून देईल, तो झाला नथू. (मुलगी गेली तर चालेल, असं त्यात धरलेलंच होतं. ते आपण बायांनी लक्षात ठेवावं.) उत्तर भारतातही घुरहू नाव असतं, त्याचा अर्थ उकिरड्यावरचा.

मुलींमध्ये कडूबाई. गायिका कडूबाई खरात यांच्यामुळे हे नाव आता मोबाइलवरून घरोघर पोचलंय. पण कडूबाई आणि नकुशा ही नावं एका मापानं मोजू नका. नकुशा म्हणजे नको असलेली. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं कार्यक्रम घेऊन बदलली, ते बरंच झालं. कडुबा हे नाव मात्र लेकरू फार हवं होतं म्हणून ठेवलेलं. ते लपवण्यासारखं आम्हाला वाटत नाही. काही तरुण पोरं वडिलांचं नाव विचारलं की नुसतं 'के.' लिहितात, त्यांना हे सांगा.

मग हे नाव कमी का झालं? फॅशन हे एक कारण, पण मोठं कारण म्हणजे लेकरं जगायला लागली. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० साली तो आकडा २८ झाला, आणि आपल्या महाराष्ट्रात १६. लसी आल्या, दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली, आशाताई दारात येऊ लागल्या. मरणाला फसवायची गरज उरली नाही.

आता उकाराचं. १९६२ साली सरकारनं मराठी लेखनाचे नियम मान्य केले. त्यांत एक नियम असा, की शेवटचं अक्षर दीर्घ असलं तर त्याच्या अलीकडचा उकार पहिला. त्या हिशेबानं एकटा 'कडू' दुसऱ्या उकाराचा आणि 'कडुबा' पहिल्या उकाराचा. शाळेच्या दाखल्यावर कुठे पहिला, कुठे दुसरा. इंग्रजीत तर आणखी घोळ. ड आणि द दोन्हींना एकच 'डी'. कुणी त्याला 'एच' जोडतो, कुणी 'यू'च्या जागी दोन 'ओ' घालतो. यंत्रानं ते परत मराठीत आणलं की कदुबा होतो, कधुबा होतो.

एका गटातल्या ताईंचे यजमान वारले. वर्षाला ४३६ रुपये कापून घेणारा, दोन लाखांचा जीवनज्योती विमा होता. पासबुकात नाव कडुबा, आधारवर कडूबाळ, सातबाऱ्यावर नुसतं कडू. गावाला माणूस एक, कागदाला तीन. ही तिन्ही नावं एकाच माणसाची, हे सिद्ध करायला त्या बाईनं प्रतिज्ञापत्र केलं, दाखले गोळा केले, आणि मजुरी बुडवून कितीतरी खेपा घातल्या. माणूस हयात असता तर आधार केंद्रावर एका फेरीत काम झालं असतं.

म्हणून पुढच्या बैठकीला नवऱ्याचं आधार, पासबुक आणि सातबारा घेऊन या. तिन्ही शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून बघू. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीला सोबत घ्या. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा आधी ठरवा कोणतं नाव कायम ठेवायचं. नियमानं शुद्ध कोणतं, यापेक्षा शाळेच्या दाखल्यावर आणि जमिनीच्या कागदावर काय आहे ते बघा. केंद्रावर पावती मिळाली की मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं वाचल्याशिवाय उठू नका.

लहान लेकरांच्या बाबतीत तर आणखी जपा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेत घालताना, आधार काढताना जन्मदाखलाच मुख्य कागद. नोंदणी २१ दिवसांत करा. नाव ठरलं नसेल तर ते नंतर घालता येतं, बारा महिन्यांपर्यंत फुकट, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकराच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. म्हणजे आता तुमच्याही नावाचं स्पेलिंग तपासायचंय. नातवाला आजोबांचं कडुबा नाव ठेवायची हौस असेल तर खुशाल ठेवा. फक्त नोंदणीला जाताना दोन्ही लिप्यांत, ठळक अक्षरांत चिठ्ठीवर लिहून न्या, तोंडी सांगू नका.