बारकोड विकत घेण्यापूर्वी

घरगुती मसाले किंवा साबण ऑनलाइन विकायला काढले, की नोंदणी करताना बारकोड क्रमांक मागितला जातो. भारतात असे क्रमांक देण्याचे अधिकृत काम ‘जीएस१ इंडिया’ ही संस्था करते. व्यवसायाची नोंदणी करून आणि शुल्क भरून तिच्याकडून क्रमांकांचा संच घेता येतो.

या तेरा आकडी क्रमांकाची सुरुवात ८९० ने होते. याचा अर्थ माल भारतात बनला असा नाही; क्रमांक भारतीय शाखेने दिला, एवढाच. पुढचे आकडे कंपनी आणि वस्तू ओळखण्यासाठी असतात. शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून गणिताने काढतात, त्यामुळे टंकनातली चूक पकडता येते. किंमत या क्रमांकात नसते. ती विक्रेत्याच्या संगणकात असते.

किती क्रमांक घ्यायचे? प्रत्येक प्रकाराला एक. कांदा-लसूण मसाल्याची १०० आणि २५० ग्रॅमची पाकिटे असतील तर दोन क्रमांक लागतात. एकाच आकाराच्या हजार पाकिटांना मात्र एकच पुरतो.

स्वस्तात सुटे क्रमांक विकणाऱ्यांपासून जपून राहा. असे क्रमांक अनेकदा दुसऱ्याच कंपनीच्या नावे नोंदलेले असतात. ॲमेझॉन क्रमांकांची पडताळणी जीएस१च्या नोंदींशी करते. नाव जुळले नाही, तर उत्पादन नाकारले जाऊ शकते. ब्रँड नसलेल्या किंवा हाताने बनवलेल्या काही वस्तूंसाठी तिथे बारकोडमधून सूट मागता येते. आधी तो पर्याय तपासा, मगच पैसे भरा.