एका चुलीवरची शाळा

निरनिराळ्या धर्मांची मुले एका बाकावर बसविणे तितकेसे कठीण नाही. त्यांना एका चुलीवरचे अन्न एका पंक्तीत वाढणे मात्र कठीण. शाळा सुटली की बाक रिकामे होते आणि जो तो आपल्या आळीत परततो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे नेमके हेरले होते.

भाऊराव जन्माने जैन. कोल्हापुरात शिकताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनास जाऊन आले. परतल्यावर स्नान करण्याचा हुकूम झाला. तो त्यांनी मानला नाही, म्हणून त्यांना स्वतःच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे मराठा, महार, मुसलमान, जैन अशी सारी मुले एकत्र राहत, एकत्र राबत, एकत्र जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

आता कोणी विचारील, हा खर्च चालला कसा? मुलांच्या श्रमावर, लोकांनी दिलेल्या धान्यावर, आणि एका माउलीच्या त्यागावर. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिलेच, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या.

पुणे कराराची स्मृती म्हणून १९३२ साली आपल्या पुण्यातही 'युनियन बोर्डिंग' निघाले. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीरावांच्या नावाने 'कमवा व शिका' या तत्त्वावर मोफत हायस्कूल सुरू झाले.

मी कामगार संघटनेचा माणूस. दारावरच्या सभेत घोषणा एका सुरात निघतात, परंतु जेवणाच्या सुट्टीत डबे मात्र निरनिराळ्या घोळक्यांत उघडतात. संप फुटतो तो बहुधा त्याच घोळक्यांच्या रेषेवर. एकजूट भाषणाने लागते, पण टिकते ती पंक्तीने.

म्हणून बिबवेवाडीतील आईबापांना एवढेच सांगणे आहे. शाळेच्या हजेरीपटावर सर्व धर्मांची नावे आहेत, यावर समाधान मानू नका. सरकारी शाळांत आज दुपारचे जेवण मिळते. आपले मूल तेथे कोणाशेजारी बसले, कोणाच्या डब्यातले त्याने खाल्ले, हे संध्याकाळी विचारा. आणि त्याने सांगितलेल्या नावावर कपाळाला आठी घालू नका. साताऱ्याच्या त्या चुलीचा विस्तव आपल्या घरात आहे की विझला, हे त्या आठीवरूनच कळेल.