आगंतुकाची वाट आणि स्थलनामांचे आयुष्य

स्थलनाम टिकते कशाने, या प्रश्नाचे उत्तर बहुधा राज्यसत्तेत किंवा परंपरेत शोधले जाते. ते वाट विचारणाऱ्या माणसाजवळही शोधावयास हवे, एवढेच या टिपणात मांडावयाचे आहे.

बालाघाटाच्या डोंगरात वसलेले धारूर (जि. बीड) घ्यावे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आदिलशाही सरदार किश्वरखान याने बांधलेला येथील किल्ला मुर्तजा निजामशहाने जिंकला आणि विजयाची खूण म्हणून त्यास 'फतेहाबाद' हे नाव दिले. पुढे मोगली नाण्यांवर टांकसाळीचे नाव येते ते 'फतहाबाद धारूर' असे. म्हणजे सरकारी नावालाही जुन्या नावाचा टेकू घ्यावा लागला. घाट चढून बाजाराला येणाऱ्याने वाट विचारली असेल ती धारूरचीच. आज फतेहाबाद इतिहासग्रंथांत उरले आहे. लोकांनी स्वीकारलेली भर एकच, 'किल्ले धारूर' यातील 'किल्ले' ही. तीही डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेची.

महाबळेश्वरी याच्या नेमके उलट घडले. गव्हर्नर जॉन माल्कम याने 1828–29 च्या सुमारास तेथे आरोग्यस्थान वसविले आणि 1829 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी प्रदेशाची अदलाबदल झाली. नव्या वस्तीस 'माल्कमपेठ' म्हणू लागले. पाहुण्यांच्या तोंडी मात्र डोंगराचे व देवाचे 'महाबळेश्वर' हेच नाव बसले आणि ते पेठेला चिकटले. परिणाम असा की, मूळ गावालाच वेगळे विशेषण लावणे भाग पडले. एस. टी.ने उतरणारा प्रवासी महाबळेश्वरी पोहोचतो, पण पंचगंगेचे मंदिर तेथे नसते. ते सुमारे सहा किलोमीटरांवरील 'क्षेत्र महाबळेश्वर' किंवा 'जुने महाबळेश्वर' येथे असते. नवख्याची पहिली फसगत येथेच होते. उपरे नाव मावळले खरे, पण आपल्या गावाचे साधे नाव मूळ रहिवाशांना परत मिळाले नाही.

कड्यांच्या नावांचे दैव याहून कठीण. मढीमहालाचे 'आर्थर सीट' झाले, नाकेखिंडीचे 'केट्स पॉइंट', सिंदोळ्याचे 'विल्सन पॉइंट'. केट ही माल्कमची कन्या, आर्थर मॅलेट अधिकारी, विल्सन विसाव्या शतकातील गव्हर्नर. इंग्रजी नावही सुरक्षित नसते: आजचा 'लॉडविक पॉइंट' पूर्वी 'सिडनी पॉइंट' होता. जुनी मराठी नावे गुराख्याच्या व लाकूडतोड्याच्या उपयोगाची होती. कड्यापाशी केवळ पाहण्यासाठी जाणारा मनुष्य आला, त्याने आपल्या नावाने वाट विचारली, आणि वाट दाखविण्यावर ज्याचे पोट अवलंबून त्याने ते नाव उचलले.

रूपविचाराच्या दृष्टीनेही ही नावे मनोरंजक आहेत. 'केट्स' मध्ये इंग्रजी षष्ठीचा 'स' टिकला आहे, परंतु मराठी भाषकाला तो प्रत्यय म्हणून जाणवत नाही. संपूर्ण 'केट्स' हेच विशेषनाम होते. 'आर्थर सीट' मध्ये तो गळला. शिवाय 'सीट' या पदाचा स्थलवाचक अर्थ न उरल्यामुळे 'आर्थर सीट पॉइंट' अशी द्विरुक्ती रूढ झाली आहे. 'पॉइंट' हा शब्द तर आता सामान्यनाम होऊन बसला आहे. 'आज किती पॉइंट झाले?' या प्रश्नात तो प्रेक्षणीय स्थळांचे मापच ठरतो. टोक, कडा, माळ या शब्दांतील भेद त्यात बुडाले.

ही व्यवस्था टॅक्सीच्या दरपत्रकाने पक्की केली आहे. स्थळे 'महाबळेश्वर दर्शन', 'प्रतापगड दर्शन', 'पांचगणी दर्शन' अशा गटांत विकली जातात. क्षेत्र महाबळेश्वर आणि आर्थर सीट एकाच रस्त्यावर आहेत, केट्स पॉइंटला पांचगणीच्या बाजूस वळावे लागते, ही दिशांची जाण पाहुण्याला न येताच फेरी पुरी होते. पायी हिंडणाऱ्याला ती येते. पण त्यानेही मढीमहाल विचारल्यास उत्तर एखाद्या वृद्धाकडूनच मिळण्याचा संभव. क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही नावे आताच टिपून घ्यावीत.

सरकारी बदलाला येथेही मर्यादा आहेतच. 'बॉम्बे पॉइंट' आता 'मुंबई पॉइंट' म्हणूनही लिहिला जातो. पाहुण्याला तेथे मावळतीला जावयाचे असते, म्हणून तो 'सनसेट पॉइंट' विचारतो, आणि टॅक्सीवाला तिन्ही नावे जाणून त्याला त्याच नावाने नेतो.