‘रापणे’ आणि ‘जीवनसत्त्व’: वैज्ञानिक परिभाषेतील दोन शब्द

म्हैसूर येथे १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि १९६९ साली केंद्रीय भारतीय भाषा संस्था स्थापन झाली. एकीत अन्नातील पोषकद्रव्यांचा विचार होतो, तर दुसरीत भाषांचा. वरकरणी ह्या दोन शाखांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु कृत्रिम प्रकाशाने त्वचा रापवणे आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणे ह्यांविषयीचे संशोधन भारतीय भाषांत आणू लागताच तो स्पष्ट होतो.

१९१२ साली काझिमिर फंक ह्यांनी ‘जीवन’ आणि ‘अमाईन’ अशा दोन पदांतून ‘व्हिटॅमिन’ हे नाव घडविले. ही सर्व द्रव्ये अमाईन नसतात हे पुढे ध्यानात आले, आणि १९२० साली ड्रमंड ह्यांनी मूळ शब्दाच्या शेवटचे अक्षर गाळले. नाव मात्र टिकले. मराठीने ‘जीवनसत्त्व’, मल्याळमने ‘जीवकम्’, बंगालीने ‘खाद्यप्राण’ आणि कन्नडने ‘अन्नांग’ असे पर्याय योजले. पैकी शेवटच्या दोहोंत हे द्रव्य अन्नातच असते असे गृहीत आहे. ‘ड’ जीवनसत्त्व मात्र ह्या गृहीताला छेद देते. सूर्यप्रकाशातील २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार किरणांमुळे ते त्वचेतच तयार होऊ लागते.

‘रापणे’ ह्या क्रियापदाची कथा निराळी. इंग्रजीत कातडे कमावणे आणि त्वचा उन्हाने काळवंडणे ह्या दोहोंस एकच शब्द आहे. मराठीत कातडे कमावले जाते, त्वचा रापते. ‘रापलेला चेहरा’ म्हणताच शेतावरचे कष्ट आणि झीज सूचित होते. पाश्चात्त्य समाजात विसाव्या शतकात ह्याच रंगाला सुटीचे व सौंदर्याचे मोल आले. शास्त्राचा कौल मराठी शब्दच्छटेच्या बाजूचा दिसतो, कारण त्वचेचे रापणे ही पेशींना झालेल्या इजेवरची प्रतिक्रिया होय.

रापवण्याच्या यंत्रांतून बहुतांशी ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे किरण निघतात. ते रंग आणतात; ‘ड’ जीवनसत्त्व घडविण्यास ते उपयोगी नाहीत. ही यंत्रे मानवात कर्करोगास कारण ठरतात, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली दिला. ‘रंग आला म्हणजे जीवनसत्त्व मिळाले’ हा समज म्हणूनच निराधार ठरतो. उलट मेलॅनिन हे रंगद्रव्य उपयुक्त किरणही अडविते. त्यामुळे सुमारे १२ अंश उत्तर अक्षांशावरील म्हैसूरसारख्या नगरीतही सावळ्या वर्णाच्या आणि दिवसभर घरात वा कचेरीत वावरणाऱ्या व्यक्तीस ‘ड’ची उणीव भासू शकते.

अशा वेळी गोळी उपयोगी पडते. परंतु तिथेही शब्द दिशाभूल करू शकतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी दररोज ६०० एकक ‘ड’ची शिफारस केली. ऊन अधिक झाले तर त्वचा त्यातील अतिरिक्त अंशाचे निष्क्रिय द्रव्यांत रूपांतर करते. गोळ्यांच्या अतिरेकावर असा अंकुश नाही. रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो. ‘जीवन’ आणि ‘सत्त्व’ ह्या दोन्ही पदांत मांगल्याचा भाव आहे, मात्रेची सूचना नाही. ही उणीव पर्यायी शब्दाने भरून निघणारी नाही. ती भरून काढण्याचे काम वाक्याचे आहे, आणि म्हणून अनुवादकाचे.