पेटीतलं औषध, पेटी उचलणाऱ्यासाठी

जखमीला कॅज्युअल्टीत सोपवलं तरी रुग्णवाहिकेतल्या माणसाचं काम संपत नाही. रिकामं स्ट्रेचर बाहेर ओढायचं, बादलीभर पाणी मारायचं आणि गाडीच्या तळाचं रक्त सुकायच्या आत काढायचं; पुढचा कॉल कधीही येतो. गाडी स्वच्छ होते, पण वास नाकात राहतो आणि घरापर्यंत येतो. मग कुकरच्या शिटीनंही दचकायला होतं आणि झोपेत वळणावर अपघात झालेली तीच गाडी पुन्हा पुन्हा दिसते.

याला वैद्यकात पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक विकार, म्हणतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत तो १९८० साली आला. २०१३च्या आवृत्तीत मात्र एक गोष्ट स्पष्ट नोंदली गेली: स्वतःवर प्रसंग न येताही, कामाचा भाग म्हणून मृतदेहांचे अवशेष वारंवार गोळा करणाऱ्यालाही हा विकार होऊ शकतो. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये घेतला गेला, तेव्हा रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ११ टक्के निघालं. नवांतला एक.

समुपदेशन आणि नेहमीच्या गोळ्यांनी अनेकांना बरं वाटतं, सगळ्यांना नाही. अशांसाठी अमेरिकेत जे औषध तपासलं जातंय, ते तिथल्या अनेक पॅरामेडिकच्या पेटीत आधीपासूनच आहे: केटामाइन. रसायनशास्त्रज्ञ कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी ते १९६२ साली पार्क-डेव्हिस कंपनीसाठी तयार केलं आणि १९७० मध्ये भुलेसाठी त्याला मान्यता मिळाली. बहुतेक भुलेच्या औषधांनी श्वास मंदावतो, रक्तदाब उतरतो; याच्याने सहसा तसं होत नाही. म्हणून व्हिएतनामच्या रणांगणावर ते गेलं आणि पुढे रस्त्यावरच्या अपघातांतही. मोडलेला पाय सरळ करताना पॅरामेडिक हेच देतो.

मनावरच्या उपचारात मात्र मात्रा अगदी कमी: वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, शिरेतून, ४० मिनिटांत. सत्तर किलोच्या माणसाला ३५ मिलिग्रॅम. दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटाला ऑक्सिजनची चिमटी, शेजारी नर्स. थोड्या वेळात हातपाय आपले नाहीतसे वाटतात, खोलीतला आवाज दूर जातो. काहींना मळमळतं, काही घाबरतात. नुसत्या सुईने हा उपचार होत नाही. हात धरणारं माणूस लागतं.

मेंदूतल्या ग्लुटामेट या रसायनाचं एक दार केटामाइन अडवतं. दीर्घ ताणाने झडलेले पेशींमधले दुवे त्यानंतर पुन्हा फुटू लागतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

न्यूयॉर्कच्या माउंट सिनायमध्ये ॲड्रियाना फेडर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ३० रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन आठवड्यांत सहा वेळा केटामाइन दिलेल्यांपैकी ६७ टक्के लक्षणीय सुधारले. तुलनेसाठी मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिलेल्यांत २० टक्के. सुधारलेल्यांतल्या निम्म्यांचा गुण शेवटच्या डोसनंतर साधारण चार आठवड्यांत ओसरला. पुढच्याच वर्षी १५८ आजी-माजी सैनिकांवरचा मोठा प्रयोग आला. त्यात नैराश्य हलकं झालं, पण पीटीएसडीवर केटामाइन सलाइनपेक्षा सरस ठरलं नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवूनच वाचावेत. माझ्या मते केटामाइन हा इलाज नाही, उसंत आहे. त्या उसंतीत समुपदेशकाजवळ बसून तो प्रसंग उच्चारता आला, तरच काही हाती लागण्याची आशा.

अमेरिकेत नाकात मारायच्या एस्केटामाइनला २०१९ मध्ये हट्टी नैराश्यासाठी मान्यता मिळाली; पीटीएसडीसाठी केटामाइनला अजून नाही. तरीही खासगी क्लिनिकं ते देतात, काही तर घरपोच. हे मला धोकादायक वाटतं. वारंवार वापराने मूत्राशय खराब होऊ शकतं, व्यसन जडू शकतं. आणि मात्रा चुकली तर काय होतं, हे पॅरामेडिकना वेगळं सांगायला नको: २०१९ मध्ये कोलोरॅडोतल्या ऑरोरात, पोलिसांनी मान दाबून धरलेल्या एलाइजा मॅक्लेन या तरुणाला ५०० मिलिग्रॅम टोचलं गेलं, तो दगावला आणि २०२३ मध्ये दोन पॅरामेडिक दोषी ठरले.

भारतात केटामाइन शेड्यूल एक्समध्ये आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही आणि मिळूही नये. पण बोलण्याला चिठ्ठी लागत नाही. तुमच्या घरातलं कुणी १०८च्या गाडीवर असेल आणि ड्युटीवरून येऊन गप्प बसत असेल, तर जेवण वाढताना "आज काय झालं?" एवढं विचारा. उत्तर आलं नाही तरी उद्या पुन्हा विचारा. झोप उडाली असेल, चिडचिड थांबत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. तो दिवसरात्र चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.